दाविदाची गच्ची

याकोबतात्यांच्या ओट्यावर रिकाम्या हातानं कोणी बसूच शकत नाही. टेकलात की मांडीवर घायपाताच्या वाखाची मूठ पडलीच: वळा दोर! एकदा तपासाला आलेल्या फौजदारालाही तात्यांनी ती दिली, आणि गड्यानं निमूट दोन हात दोर वळला.

"झाली बघा दाविदाची गच्ची!" कोणाचा हात थांबला की हे तात्यांचं पालुपद. इंदापुरातल्या मूठभर ख्रिस्ती घरांतलं त्यांचं एक. पण बायबलातली ही गोष्ट साऱ्या पेठेला पाठ आहे.

"फौज लढाईवर, आन् दावीद राजा गच्चीवर! काम न्हाय, धंदा न्हाय. खाली कुणाची तरी बायकू न्हात हुती. पडला की गडी पापात! हातात वाख आस्ता तर नजर खाली ऱ्हायली आस्ती."

"पण तात्या, बाईसुद्धा खालीच होती ना?" मी एकदा विचारलं.

"तू वळ."

मी दारूबंदीचा प्रचारक. बारामतीपर्यंत सायकल हाणून पत्रकं वाटतो, सभा घेतो, घसा फोडतो. आणि हा म्हातारा मला आळशी म्हणतो! "बडबड हातानं करतोस व्हय रं?"

माझं डोकं फिरलं. रोज तिन्हीसांजेला आठ-दहा गडी ओट्यावर फुकट राबतात. मजुरी नाही, चहा नाही. वाख तरी धड असावा? तोही चुरगळलेला, जुन्या पिळाचा. ही वेठ नव्हे तर काय? मी जळजळीत पत्रक लिहिलं: 'ओट्यावरील वेठबिगारी!' छापण्याआधी तोंडावर वाचून दाखवावं म्हणून सकाळीच जाऊन धडकलो.

तात्या परसात बसले होते. काल वळलेले सगळे दोर पुढ्यात, आणि म्हातारा एकेकाचा पीळ उलगडून पुन्हा वाख करत होता.

"तात्या! हे काय चाललंय?"

तात्या चोरी पकडल्यासारखे हसले. "एवढा वाख रोज आणू कुठनं? आन् वाख न्हाय म्हटल्यावर पोरं येत्याल का? समदी आदी गुत्त्यावर बसायची."

"आणि तुम्ही?"

"त्यांच्या म्होरं." ते दोराकडे बघत राहिले. "म्हातारी गेली, तवापास्नं दिवस मावळला की घर खायाला उठायचं. आता पोरं येत्यात. जेवायच्या वक्तापातुर निभतं."

मी हातातलं पत्रक पाठीमागं नेलं.

"कागद कसला रं त्यो?"

"काही नाही." मी पत्रकाची घडी करून खिशात कोंबली, खाली बसलो आणि एक दोर ओढला.

"दमानं सोड पीळ," तात्या म्हणाले. "सांच्याला लागंल."