घराचे टेकू

"ने बाई, सगळी लाकडं ने! घर मोकळं होईल एकदाचं," आई म्हणाली आणि खारूने ते शब्दशः घेतलं, तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली.

खारू हे तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणापासून दिसेल ते उचलून घरी आणायची, म्हणून बाबांनी तिला खारूताई केलं आणि पुढे ताई गळून गेली. सवय मात्र तिने बाबांचीच उचलली होती. रस्त्यात पडलेली फळी, खुंटी, कुणीतरी टाकलेला टेबलाचा पाय, बाबांना काहीही दिसलं की ते थबकत. "असू दे, कुठंतरी लागेल," म्हणत ते पिशवीत टाकत. आणि आई म्हणे, "आणलंत भंगार? या घरात उद्या माणसं बाहेर आणि लाकडं आत राहतील." लग्न झाल्यापासून दोघांचा हा एकच वाद चालू होता आणि त्यात बाबा एकदाही जिंकले नव्हते.

आता खारू डिझाइनच्या कॉलेजात होती आणि वर्षाचा शेवटचा प्रोजेक्ट डोक्यावर होता: टाकून दिलेल्या लाकडातून बसायची वस्तू बनवायची. आधीच्या प्रोजेक्टमध्ये तिच्या दिव्याने भर सादरीकरणात पेट घेतला होता. त्यामुळे या खेपेला नापास म्हणजे वर्ष पुन्हा. मॅडमचे नियमही कडक होते. विकत घ्यायचं नाही, चोरायचं नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या वापरातलं काही आणायचं नाही. मागच्या वर्षी एका हुशार मुलाने वॉचमनचं बाकच उचलून आणलं होतं. वॉचमन ते शोधत थेट प्रदर्शनात आला आणि त्यावर बसून राहिला.

बाबा त्या वेळी आत्याकडे गेले होते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. आईची परवानगी मिळालीच होती. खारूने घर पालथं घातलं. फ्रिजखाली तिला चपला बनवायचा लाकडी साचा सापडला, अगदी पावलाच्या आकाराचा. वर उचललेल्या खिडकीखाली छत्रीची गुळगुळीत वाकडी मूठ होती, वॉशिंग मशीनखाली कुठल्याशा जुन्या कपाटाची जाड फळी, आणि आरशाच्या कपाटाच्या दारापाशी टीपॉयचा कातीव पाय. एकेक तुकडा हातात घेऊन ती उजेडात फिरवून बघत होती. काय रेषा, काय रंग! हे सगळं तिथे का होतं, हा प्रश्न तिला पडला नाही. सौंदर्य दिसायला लागलं की माणसाला बाकीचं दिसेनासं होतं.

पुढचे दिवस ती वर्कशॉपमध्ये फार सुखात होती. पॉलिश पेपरने घासलं की जुन्या काळपट थराखालून मधासारखं लाकूड वर यायचं. खाचा जुळेनात, तिने पुन्हा कापल्या. साच्याला पाय करून बघितलं, मग पाठ करून बघितलं. शेवटी छत्रीची मूठ पाठीला आली, साचा आणि टीपॉयचा पाय खाली गेले, उरलेले दोन पाय फळीच्याच कापलेल्या पट्ट्यांचे झाले आणि फळी बैठक झाली. स्टूल चारी पायांवर उभं राहिलं तेव्हा खारूने त्याला दोनदा प्रदक्षिणा घातली.

इकडे घर मात्र उभं राहायला तयार नव्हतं.

आधी फ्रिज पुढे झुकला. त्याचं दार आपोआप उघडायला लागलं आणि दूध नासलं. मग खिडकी धाडकन खाली आली आणि कुंडी गेली. आरशाचं कपाट बंदच राहीना. "दर पाच मिनिटांनी दार उघडतं आणि मीच मला दिसते," आई वैतागून म्हणाली. "एवढं माझं तोंड मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं!"

"बाबांना फोन करून विचार ना, आधी कसं बसवलं होतं ते," खारू म्हणाली.

"मुळीच नाही! म्हणजे काय, मी हरले म्हणू?"

दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीन कपडे पिळता पिळता थरथरत चालायला लागलं. चालत चालत ते न्हाणीघराच्या दाराशी गेलं आणि दाराला टेकून थांबलं. आई आत होती. खारू वर्कशॉपमधून परत येईपर्यंत आई आतच बसून विचार करत होती. बाहेर आली तेव्हा ती मशीनची रिकामी जागा वाकून बघत राहिली, आणि ही गोष्ट खारूला ओरडण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटली.

सादरीकरणाच्या दिवशी आई हॉलमध्ये मागच्या रांगेत येऊन बसली. मॅडमनी स्टुलाला खालून, वरून, बोटं फिरवून पाहिलं.

"लाकडं कुठे मिळाली?"

"घरातच मॅडम. अडगळ होती."

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. "अरे वा! हा तर आपला फ्रिजखालचा साचा!"

बाबा एसटी स्टँडवरून थेट आले होते, खांद्याला बॅग तशीच. ते स्टुलाजवळ कौतुकाने वाकले होते.

"फ्रिजखालचा?" मॅडमनी चष्मा वर केला. "म्हणजे वापरात होता?"

बाबांनी मान वर केली. त्यांना मॅडम दिसल्या, मग लेकीचा पांढराफटक चेहरा दिसला. नियम त्यांना माहीत नव्हता, पण लेक माहीत होती.

"छे हो, वापरात कसला! भंगार सगळं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हा शब्द उच्चारला असेल. "हवं तर आमच्या हिला विचारा. ती रोज म्हणते."

सगळा हॉल आईकडे वळला. तिने फक्त मान हलवायची होती. खारू डोळ्यांनी विनवत होती. आईने हलवायचा प्रयत्न केलाही, पण मान काही हलेना.

"भंगार?" ती उठून उभी राहिली. "भंगार कुणाला म्हणता हो? माझं घर उभं होतं त्यावर! त्या फळीवाचून मशीन फिरायला निघतं, मला न्हाणीघरात कोंडून घातलं त्याने! फ्रिज नमस्कार करतोय, कपाट येता-जाता तोंड दाखवतंय... एकेक तुकडा मापाने बसवला होता या माणसाने, आणि मी मेली उठता-बसता..."

ती एकदम थांबली. आपण काय बोलून बसलो हे तिच्या ध्यानात आलं होतं. खारूने डोळे मिटून घेतले. बाबा मात्र बॅग सावरत नुसते बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मॅडम स्टुलावर बसल्या. डावीकडे कलून पाहिलं, उजवीकडे कलून पाहिलं. स्टूल हललं नाही.

"नियम मोडलाय. त्याचे मार्क जाणार," त्या म्हणाल्या. "काम चांगलं आहे, म्हणून पास. लाकडाच्या अभ्यासाचे मार्क खरं तर आईंना द्यायला हवेत. मुली, लाकूड उचलायच्या आधी ते काय करतंय हे बघत जा."

"हो मॅडम," खारू म्हणाली. तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

तिघं चालत घरी निघाले. स्टूल खारूच्या डोक्यावर होतं.

"मघाशी लोकांसमोर काय म्हणालीस गं?" बाबांनी हळूच विचारलं. "मापाने काय?"

"कान आहेत ना तुम्हाला?"

"आहेत. पण पुन्हा ऐकलं तर काही झिजणार नाहीत."

आईला हसू लपवता आलं नाही. वळणावर एका दुकानाचं काम चाललं होतं आणि बाहेर मोडक्या चौकटींचा ढीग पडला होता. बाबांची पावलं सवयीने मंदावली. मग आजच्या दिवसाचा मान राखून त्यांनी नजर वळवली आणि पुढे चालू लागले.

आईच थांबली. ढिगातून तिने एक जाड फळी ओढून काढली, पदराने पुसली, वितीने मोजली.

"अहो, मशीनखाली बसेल का ही?"

बाबा लगबगीने मागे आले. "दोन बोटं जास्त आहे."

"मग कापा घरी गेल्यावर."

खारूने डोक्यावरचं स्टूल सावरत फळीकडे पाहिलं. उन्हात तिच्यावरच्या लाटांसारख्या रेषा चमकत होत्या. खारूचा हात आपसूक पुढे झाला. "आई गं, काय सुंदर लाकूड आहे..."

"खबरदार हात लावशील तर!" आई म्हणाली, आणि फळी काखोटीला घट्ट मारून ती दोघांच्या पुढे चालायला लागली.