सात दिवसांचा स्नो

राहुरीच्या पोस्टातले कारकून कृपादान यांना त्या वर्षीच्या नाताळच्या नाटकात देवदूताचं काम मिळालं. आठ वर्षं त्यांनी नुसता पडदा ओढला होता. (एकदा उंटाचे मागचे पाय झाले होते, पण ते कुणी ओळखले नाहीत.) आता देवदूत उजळच दिसला पाहिजे, म्हणून त्यांनी आठवडी बाजारातल्या एका फेरीवाल्याकडून तोंडाला लावायच्या ‘विलायती स्नो’ची डबी आणली. महायुद्धापायी विलायतेचा माल बंद होता. मग ही डबी आली कुठून, हे काही त्यांनी विचारलं नाही.

“देवदूत गोरा असतो, असं कुणी सांगितलं?” बायको मार्थानं विचारलं.

“चित्रात असतो की!”

“चित्रात त्याला मिशाही नसतात.”

कृपादानांनी मिशीवरून हात फिरवला आणि विषय बदलला.

फेरीवाला म्हणाला होता, सात दिवसांत गोरेपणा येतो. नाटक तर त्याच संध्याकाळी! कृपादानांनी सात दिवसांचा स्नो एकदमच थापला.

दुपारी चेहरा चुणचुणू लागला.

“गुण येतोय,” ते म्हणाले.

तासाभरात गाल आणि ओठ पुरीसारखे फुगले, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या, रंग थेट वांग्यावर गेला. मार्थानं त्यांचं तोंड धुतलं, ताक लावलं, तूप चोळलं. स्नो गेला, सूज हलेना.

“आज घरीच राहा,” ती म्हणाली.

“आव वव्वांनी काव विव्वालं!” कृपादान कळवळले. (आठ वर्षांनी काम मिळालं, असं त्यांना म्हणायचं होतं.) आणि ते गेलेच.

रंगमंचावर अब्राहाम आणि प्रभुदास, दोघे धिप्पाड गाडीवान, मेंढपाळ होऊन बसले होते. त्यांना दुपारची काहीच खबर नव्हती. पांढरी चादर पांघरलेले कृपादान कंदिलाच्या उजेडात आले आणि हात उंचावून गरजले, “विऊ वका!” (‘भिऊ नका’, हे देवदूताचं पहिलं वाक्य.)

“आगं आय! ह्ये काय हाय?” अब्राहाम किंचाळला.

“पळ लेका!” प्रभुदासनं मेंढरू काखेत मारलं. दोघे प्रेक्षकांना तुडवत थेट रस्त्यावर.

“वांबा! वी आहे, वी!” कृपादान समजूत घालायला मागं धावले, तशा पुढच्या तीन रांगाही उठल्या.

नगरहून आलेले पाद्रीसाहेब मात्र बेहद्द खूश. देवदूताला पाहून मेंढपाळ भ्याले, हे त्यांनी बायबलात दरसाल वाचलं होतं. इतके मनापासून भ्यालेले प्रथमच पाहिले. पंगतीत त्यांनी कृपादानांच्या पाठीवर थाप मारली.

“वा, काय काम केलंत! आता तेवढा मुखवटा काढा आणि जेवायला बसा.”

कृपादान मार्थाकडे बघतच राहिले. तिनं शांतपणे ताट पुढं सरकवलं.

“साहेब, तो उतरायला आठवडा लागेल. तोवर ते असेच जेवतील.”