दुसऱ्या अंकातला मुर्दा

टीव्हीच्या पडद्यावर हरिदास मरून पडला होता आणि सारखा वर जात होता. खालून यायचा, सरकत सरकत छताला लागायचा, नाहीसा व्हायचा, की पुन्हा खालून हजर. रंग उडालेला, सगळं काळं-पांढरं, आणि मधून एक जाडजूड काळी पट्टी फिरत होती.

"जाऊन राह्यला का येऊन राह्यला?" मागून कुणीतरी विचारलं. दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले, कारण हरिदास खरोखरच गेला होता. त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं.

सकाळी भंतेजी येऊन गेले, वंदना झाली, पंगती उठल्या. मग पांढरं लुगडं नेसलेली सत्यशीला दारात उभी राहून सगळ्यांना म्हणाली होती, "कोनी जाऊ नोका. आता ह्यायचं नाटक हाय." तिच्या आवाजातली ऐट वर्षभरात पहिल्यांदाच दिसली, म्हणून लोक थांबले. वडशाच्या माणसाला नाटक म्हटलं की तसंही उठवत नाही.

हरिदास दिवसा राईस मिलमध्ये पोती उचलायचा आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत काम करायचा. काम एकच. नाटक कोणतंही असो, दुसऱ्या अंकात गोळी खाऊन पडायचं आणि नायिकेचं रडणं संपेपर्यंत पडून राहायचं. सहा वर्षांपूर्वी लिसाबाई नावाची एक अमेरिकन बाई झाडीपट्टीचा अभ्यास करायला आली. हिवाळाभर कंपनीबरोबर गावोगाव फिरली, सत्यशीलाच्या हातचे लाखोळीच्या डाळीचे वडे खाऊन तिखटानं डोळ्यांतून पाणी काढून गेली. हरिदास गेल्याचं तिला उशिरा कळलं. आठ दिवसांपूर्वी तिनं तेव्हा टिपलेल्या नाटकाची डीव्हीडी पोस्टानं आली, सोबत वहीच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलेलं मराठी: "हरिदासजी फार चांगले मरत होते. दुसरा अंक बघा. मला वाईट वाटते."

भिंतीवर हरिदासचा फोटो होता. पण तो मतदार कार्डावरून मोठा केलेला, चोरी करताना सापडल्यासारखा. हलता-बोलता हरिदास जगात फक्त या तबकडीत उरला होता. आणि तो नको तेवढा हलत होता.

"मुश्ताकभाऊ, काही करा जी," सत्यशीला म्हणाली.

मुश्ताकचं स्टेशन रोडवर टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही म्हणून तो मोबाईलची कव्हरं विकायचा, पण स्क्रू फिरवायचा पेचकस खिशातच असायचा. त्यानं टीव्हीला आधी डावीकडून थाप मारली, मग उजवीकडून. हरिदास थोडा तिरपा झाला आणि तिरपाच वर जाऊ लागला. मग मुश्ताकनं मागचं झाकण उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"ट्यूब गेली, वहिनी."

"परवापर्यंत बातम्या दिसत होत्या ना!"

"आज गेली."

"आपल्या घरचा आना ना," त्याची बायको नजमा म्हणाली. "तो चालते. तुमी अजून उघडला नाई त्याले."

नजमाच्या घरचा टीव्ही म्हणजे एकोणतीस इंची, पाठीला कुबड असलेला अवजड प्राणी. हातगाडी आणली. उन्हानं काच तापू नये म्हणून नजमानं त्यावर पांढरी चादर घातली, कलंडू नये म्हणून चार जणांनी चार कोपरे धरले. मागे दहा-पंधरा माणसं, सकाळच्या कार्यक्रमामुळे सगळी पांढऱ्या कपड्यांत, पोटभर जेवून सुस्तावलेली, त्यामुळे चेहरेही पडलेलेच. बाजाराचा दिवस होता. समोरून येणाऱ्या सायकली थांबल्या. एका पानवाल्यानं रेडिओ बंद केला. पलीकडच्या गावाहून कोंबडा विकायला आलेला सोमाजी नावाचा म्हातारा, मयत दिसली की चार पावलं सोबत चालावं या रीतीनं, कोंबडा बगलेत धरून, डोक्याला दुपट्टा बांधून मागे चालू लागला. कोण गेलं हे रस्त्यात विचारू नये, हीही त्याची रीत. गाडी सत्यशीलाच्या दारात थांबली तसा तोही आत आला आणि भिंतीला टेकून बसला. लोकांना वाटलं, हरिदासच्या नाटकातला कुणी असेल. नजमानं त्याला पाणी दिलं.

प्लेयरला हा टीव्ही जोडला. हरिदास आता मोठा होऊन वर जाऊ लागला.

"झालं," नजमा म्हणाली. "आता माह्याही टीव्हीले लागलं ते."

मुश्ताकनं तबकडी काढली, उजेडात धरली, तिच्या कडेची बारीक अक्षरं वाचली आणि स्वतःच्या कपाळावर तशीच थाप मारली, जशी टीव्हीला मारली होती.

"अमेरिकेची हाय हे!"

"मंग? अमेरिकेतूनच तं आली," सत्यशीला म्हणाली.

"तसं नाई वहिनी. तिकडं चित्र सेकंदाले साठ डाव येते. आपल्या इकडं पन्नास डाव. त्यायची चाल अलग, आपली अलग. चित्र पुढं पयते, टीव्ही मांगं राह्यते, म्हनून हरिदास ठहरून नाई राह्यला. रंगाचाही हिसाब अलग, म्हनून काळा-पांढरा."

सत्यशीला त्या रिकाम्या निळ्या पडद्याकडे बघत राहिली. तिची आणि हरिदासची चाल तरी कुठं जुळली होती? बाजाराला निघाले की ती पुढे, तो मागे. दर शंभर पावलांवर तो थांबायचा, वाकायचा, चप्पल काढून झटकायचा. "खडा गेला." वर्षानुवर्षं खडे. "साऱ्या वडशातले खडे तुमच्याच चपलेत कसे जातेत जी?" असं ती पुढूनच ओरडायची आणि थांबायची नाही.

"मंग आता दिसतच नाई का ते?" तिनं विचारलं. आवाजातली सकाळची ऐट संपली होती.

"दिसते ना. प्लेयरमंदी सोय हाय, तो चाल बदलून देते. फक्त रिमोट पायजे. कुठी हाय रिमोट?"

रिमोट कुठं आहे हे सत्यशीलाला चांगलंच माहीत होतं. नाटकातल्या इन्स्पेक्टरला वायरलेस हवा होता, म्हणून हरिदासनं प्लेयरचा रिमोट कंपनीला नेऊन दिला होता. तो अजूनही कंपनीच्या सामानात होता, आणि कंपनी आता केसरबाईकडे होती.

केसरबाई म्हणजे दुसऱ्या अंकात हरिदासच्या अंगावर पडून रडणारी नायिका. लग्नानंतर सत्यशीला एकदाच नाटकाला गेली होती. केसरबाईनं आधी किंकाळी फोडली, मग ती हरिदासच्या छातीवर पडली, पदर त्याच्या अंगभर पसरला आणि उठायचं नावच घेईना. पब्लिक रडत होती. सत्यशीला उठून घरी आली आणि पुन्हा कधी नाटकाला गेली नाही. "अवं, ते नाटक हाय," हरिदास म्हणायचा. "नाटकातच एवढा पदर लागते?" ती म्हणायची. आजच्या कार्यक्रमाला तिनं सारं वडसा बोलावलं होतं. एक केसरबाई सोडून.

"दुसरा रिमोट नाई चालत?"

"प्लेयर बनवनारी कंपनीच बुडाली, वहिनी. कुठून आनू?"

नजमानं केसरबाईला फोन लावला आणि सत्यशीलाच्या हातात दिला.

"कोन?" पलीकडून जाडा आवाज आला.

"मी... हरिदासच्या घरून." सत्यशीलानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "वायरलेस पायजे होता."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "आलीच."

पंधरा मिनिटांत केसरबाई ऑटोतून उतरली. साठीची, गुडघ्यांनी वाकलेली. तिचं पांढरं लुगडं मांडीवर चुरगळलेलं होतं. सकाळपासून नेसून, कुणी बोलावेल म्हणून घरात बसलेल्या बाईचं लुगडं जसं चुरगळतं तसं. सत्यशीलाच्या ते लक्षात आलं. तिनं सतरंजीवर आपल्या बाजूची जागा केली.

रिमोट काळ्या रंगानं रंगवलेला होता आणि त्याच्या डोक्यात एरियल म्हणून सायकलचा आरा खोचला होता. बटणंही काळी, वरची अक्षरं गडप. भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून त्यात घातले. मुश्ताक अंदाजानं दाबू लागला. एकदा तबकडी बाहेर आली. एकदा आवाज एवढा मोठा झाला की सोमाजीचा कोंबडा आरवला. एकदा सगळं चिनी भाषेत झालं.

"अहो, आता चीनले कायले नेता त्यायले?" नजमा म्हणाली.

मुश्ताकनं अजून एक बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. मग उजळला.

रंग आले. हरिदास खाली, स्टेजच्या फळ्यांवर, आपल्या जागी पडून होता. निळं धोतर, छातीवर लाल रंगाचा डाग. वर जात नव्हता. लिसाबाईनं कॅमेरा विंगेत लावला होता, त्यामुळे पब्लिकला दिसायची ती बाजू पलीकडे होती आणि हरिदासची कूस अगदी समोर. किंकाळी आली. केसरबाई धावत आली, त्याच्यावर पडली, पदर पसरला.

खोलीतल्या सगळ्यांनी पडदा सोडून सत्यशीलाकडे पाहिलं.

"पोटाकडं पाहा, बाई," तिच्या शेजारी बसलेली केसरबाई हळूच म्हणाली. "पदराखाली."

पदर वर-खाली होत होता.

"दम नव्हता पुरत त्याले. मिलचा कोंडा सारा छातीत गेलता. मुर्दा श्वास घेते म्हनून मालक कावायचा, काढून टाकतो म्हने. म्हनून मी पदर टाकत जाऊ. पब्लिकले दिसू नाई म्हनून. तुमाले सांगतो म्हटलं तं हात जोडे. 'नोको सांगू, केसर. सत्या मिल सोडाले लावन. मंग खाऊ काय?'"

सत्यशीलाला एकामागून एक खडे आठवत होते. बाजाराच्या रस्त्यावरचे, रेल्वे फाटकाजवळचे, विहाराच्या पायरीवरचे. चपलेत एकही नसेल.

पडद्यावर केसरबाईचं रडणं रंगात आलं होतं. पदर अजून हरिदासच्या पोटावरच.

"केसरबाई," सत्यशीला म्हणाली, "पदर जराकसा बाजूले घ्या ना."

केसरबाईनं काही न सुचून आपल्या मांडीवरचा पदर गोळा केला आणि घट्ट धरून बसली. आणि पडद्यावरच्या केसरबाईनं, गाण्याची वेळ झाल्यामुळे, मान वर करून हात पसरले. पदर सरकला. हरिदासचं पोट दिसलं. वर, खाली. वर, खाली. घाईघाईचं, चोरून घेतलेलं, त्याचंच.

"थांबवून देतो, वहिनी," मुश्ताक म्हणाला. "मोबाईलमंदी फोटो काढून घ्या." त्यानं बटण दाबलं. चित्र ठहरलं. पोटही ठहरलं.

"थांबवू नोका!" सत्यशीला अशी ओरडली की नजमानं नवऱ्याच्या हातातून रिमोट ओढून घेतला. "चालू करा! आधी चालू करा!"

नजमानं दिसेल ते बटण दाबलं आणि नशिबानं तेच बरोबर निघालं. हरिदासनं अडकलेला श्वास घेतला. सगळ्या खोलीनंही घेतला. शेजारची केसरबाई रडत होती. या वेळी तिला पदर तोंडालाच पुरला नाही.

भिंतीजवळचा सोमाजी उठला. कोंबडा बगलेत घेऊन तो पडद्याच्या अगदी जवळ गेला, वाकला, बराच वेळ बघत राहिला. मग वळून त्यानं सगळ्यांकडे पाहिलं.

"हा तं जिता हाय ना!" तो म्हणाला. "मंग रडता काऊन?"

म्हाताऱ्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला. "मी निघतो मंग. मले वाटलं, कोनी मेलं."

"बसा जी," सत्यशीला म्हणाली आणि डोळे पुसत चहा मांडायला उठली. दारापर्यंत गेली, चपला पायात सरकवल्या आणि थांबली. उगाच खाली वाकली, पायातली चप्पल काढून झटकली, आणि पुन्हा वळून पडद्याकडे बघत उभी राहिली.