ग्राउआ नदीवरील हवेच्या पिशव्या

बुडणे वाईट, याबाबत आमच्या तालुक्यात आजवर मतभेद झालेला नाही. मतभेद होता तो बुडू नये म्हणून काय करावे, यावर.

हिमनदीतून निघणाऱ्या ग्राउआ नदीवर आइसलँड सरकारने पूल बांधलेला नाही. (पूल मागितला की गरजेचा अहवाल मागतात, आणि अहवालासाठी पलीकडे जाऊन यावे लागते.) गाड्या नदी ओलांडतात त्या उतारापाशी पत्र्याच्या खोपटात हॉलबेरा नावाची साठीतली बाई उन्हाळाभर राहते. ती कमरेला दोर बांधून पाण्यात शिरते, काठीने तळ चाचपते आणि आलेल्यांना सांगते, "जिथं मला चालवत नाही, तिथं गाडी घालू नकोस."

गेल्या उन्हाळ्यात २१४ गाड्या आल्या. बाईला छातीपर्यंत भिजून परतताना पाहून १३१ जणांनी सकाळपर्यंत तिची कॉफी पीत बसणे पसंत केले, कारण रात्री बर्फ कमी वितळते आणि पहाटे पाणी उतरते. चार गाड्या बुडाल्या. चारही चालकांनी आपली गाडी वेगळी असल्याचे आधी कळवले होते. चौघांना टपावरून दोराने काढण्यात आले.

ही मागासलेली पद्धत संपवण्यासाठी समिती नेमली गेली. मी तिचा चिटणीस. गाडीच्या चारही बाजूंना घडी केलेल्या पिशव्या बसवायच्या. पाणी दाराला लागले की त्या आपोआप फुगणार आणि गाडी तरंगणार. चाचणी यशस्वी झाल्यास हॉलबेराचे पद रद्द, असा ठराव झाला.

ती बैठकीला आली, शंकरपाळ्यांसारख्या तळलेल्या डबाभर क्लाइना घेऊन. म्हणाली, "बावीस उन्हाळे मी त्या नदीशी बोलतेय. आता गावात बसून कुणाशी बोलू?" मला वाईट वाटले. मी इतिवृत्तात लिहिले, 'अल्पोपाहार झाला.'

चाचणी दुपारी चारला ठेवली. त्या वेळी पाणी सर्वांत जास्त असते, पण चाचणी पाहायला येणारे राजधानीचे साहेब जेवूनच निघतात. बचाव पथकाच्या नव्या जीपमध्ये अध्यक्ष इंग्याल्दुर स्वतः बसले. हॉलबेरा पाण्यातून निथळत बाहेर आली.

"आज नको, इंग्याल्दुर. सकाळी जा. सकाळी चाकं टेकतात."

"सकाळी गेलो तर पिशव्यांची परीक्षा कशी होणार, हॉलबेरा?"

तिने दोर खांद्यावर टाकला आणि नदीच्या काठाने खाली चालू लागली. रागावली असावी, असे समितीचे मत पडले.

पाणी दाराला लागले. पिशव्या फुगल्या. तोवर तळाला घट्ट धरून चाललेली चाके सुटली आणि जीप डौलात वर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपेपर्यंत जीप वळणापलीकडे गेली होती. इंग्याल्दुर काचेतून हात हलवत होते, आम्हीही हलवले.

तीन किलोमीटर खाली, जिथे नदी वाहून आणलेले सगळे टाकते, तिथे हॉलबेरा दोर घेऊन उभी होती. तिने त्यांना ओढून काढले. जीप समुद्राकडे गेली.

अहवालाचा सारांश असा: बुडालेल्या गाड्या शून्य. कापलेले अंतर अपेक्षेहून अधिक. पूर्वीच्या गाड्या बुडून जागच्या जागी अडकून राहत, तो दोष दूर झाला आहे. हॉलबेराचे पद त्याच दिवशी रद्द झाले.

पुढे खालच्या वळणावर माणसे गोळा करायला कोणीतरी हवे, असे निदर्शनास आले. दोराचा अनुभव आवश्यक होता. एकच अर्ज आला. खोपटे ट्रॅक्टरला बांधून खाली नेले. आता पिशव्यांच्या भरवशावर सकाळपर्यंत कोणी थांबत नाही आणि हॉलबेराला जेवायलाही फुरसत नाही. नदीशी बोलणे तर बंदच झाले.

काढलेल्या प्रत्येकाला ती कॉफी देते आणि एकच विचारते, "पलीकडं काय काम होतं रे तुझं?" आजवर एकालाही सांगता आलेले नाही. मी तिला म्हटले, या लोकांनी निघण्यापूर्वी निदान एवढे तरी स्वतःला विचारायला हवे होते.

आता तुम्ही आमच्यासोबत इथवर आलात. पलीकडे काय आहे, हे तुम्हीही एकदा विचारले नाहीत. हॉलबेराने तुमच्यापुरता दोर वेगळा ठेवला आहे.