यँडलच्या थडग्यावरचं शेवाळ

रेज यँडल चर्चच्या अंगणात थडग्यापुढे गुडघे टेकून बसलेला दिसला, तेव्हाच एडिथ गलिफर्डच्या मनात पाल चुकचुकली. रेज नातेवाइकांच्या अंत्ययात्रेलासुद्धा उशिरा पोचणारा माणूस, आणि आज हातात ब्रश?

क्विल्टन गावाचा इतिहास एडिथ लिहीत होती. गावातलं सर्वांत जुनं घराणं कोणतं, हे त्यात ठरायचं होतं आणि त्या घराण्याच्या नावाची पाटी चर्चच्या दारावर लागायची होती. एडिथच्या मते ते घराणं गलिफर्डांचं. रेजच्या मते यँडलांचं. शाळेत एका बाकावर बसलेली ही दोघं तेव्हापासून एकमेकांकडे बघून नुसती मान हलवत होती.

रेज निघून गेल्यावर ती थडग्यापाशी गेली. ते जोसाया यँडलचं होतं. दगड घासून लख्ख केलेला, आणि त्यावर पांढरा, चिकट लेप. वास आंबट.

"आम्ल!" एडिथ पुटपुटली. मेला जुनं साल पुसून त्याहून जुनं कोरणार!

ती तडक पाद्रीसाहेबांकडे गेली. मिस्टर ऑसगुड शहरातून नवेच आले होते आणि गावातल्या भांडणांना जाम घाबरत. तरी ते आले, वाकले, हुंगून पाहिलं.

"मला तर नाश्त्याची आठवण होतेय," ते म्हणाले.

"तुम्हाला सगळ्यात चांगलंच दिसतं, साहेब. तो तुमचा व्यवसायच आहे."

तेवढ्यात रेज ब्रश आणि बादली घेऊन परत आला. दोघांना पाहून त्याने बादली पाठीमागे लपवली.

"काय आहे त्यात?" एडिथने विचारलं.

"काही नाही."

"मग दाखव की काही नाही ते."

रेजने बादली पुढे केली. आत दही होतं.

"दह्याने शेवाळ लवकर धरतं," तो खाली बघत म्हणाला.

"धरतं? अरे, लोक शेवाळ काढतात."

"मीही काढलंच. साल दाखवून तुझं तोंड बंद करायचं होतं. पण सालाच्या आधीच एक ओळ निघाली. आता ती झाकायचीय." तो पाद्रीसाहेबांकडे पाठ करून कुजबुजला, "जोसाया पडलकोटचा होता."

ओढ्यापलीकडच्या पडलकोटबद्दल क्विल्टनमध्ये एकच मत होतं. तिथल्या माणसाला वेळ विचारली, तर आधी आपलं घड्याळ जागेवर आहे का ते बघावं.

एडिथला हसू आवरेना. "म्हणजे यँडल उपरे! आणि तेही पडलकोटचे! थांब, पूर्ण वाचू दे मला. शब्दन् शब्द पुस्तकात घालते."

तिने उत्साहाने गवत उपटलं. खालच्या ओळी मातीत दबल्या होत्या. तिने नखांनी माती खरवडली. वाचता वाचता तिचा हात थांबला.

*हा दगड मेहुणा सायमन गलिफर्ड याने बसवला. दोघांनी पडलकोट एकाच रात्री सोडलं, एकाच मेंढीपायी.*

सायमन हा तिच्या पुस्तकाचा पहिला अध्याय होता. त्यात तो राजाकडून जमीन मिळवून आला होता. मेंढीचा उल्लेख नव्हता.

रेजने तिच्या खांद्यावरून वाचलं. "म्हणजे मेहुणे," तो हळूच म्हणाला. "आणि चोर."

"गप्प बस."

"काय लिहिलंय हो?" पाद्रीसाहेब पुढे सरसावले. "माझा चष्मा घरी राहिलाय."

एडिथ उठली, स्कर्टची माती झटकली आणि थडग्यासमोर आडवी उभी राहिली. आयुष्यात तिने तारखेत एका दिवसाचीही चूक कुणाला माफ केली नव्हती.

"'देव त्याच्या आत्म्याला शांती देवो,'" ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "एवढंच आहे. पुढचं झिजलंय."

"किती साधं," पाद्रीसाहेब म्हणाले, आणि भांडण मिटलेलं पाहून खूश होऊन चहाला गेले.

त्यांच्या मागे फाटक बंद होईपर्यंत दोघंही हलली नाहीत. मग एडिथने बाह्या सरसावल्या.

"दे इकडे तो ब्रश," ती म्हणाली. "आणि मेंढीवर जरा जाड थर लावू या."