नमुना जोडावा

एका कार्यालयातल्या अभिलेखपालांना मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवण्याची सवय जडली. सवय म्हणजे किती? तर मुलीच्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या रांगेत बसून त्यांनी एकशे चाळिसावा टप्पा पार केला. मुलगी मंचावरून उतरली, तेव्हा त्यांनी तिची पाठ थोपटली. “छान बोललीस हो!”

“बाबा, मी काहीच बोलले नाही,” मुलगी म्हणाली. “भाषण विसरले. नुसती तुमच्याकडे बघत उभी होते.”

त्या दिवशी घरात कुणी आवाज चढवला नाही, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयाच्या डॉक्टरांना गाठलं.

“गोळ्या जुळल्या की मजा येते, असं तुम्हाला वाटतं,” डॉक्टर म्हणाले. “पण मेंदू खरा चेकाळतो तो आता जुळतील, आता जुळतील या आशेवर. डोपामिन उसळतं ते तिथे. जुगाऱ्याचंही हेच. खेळ बंद करा. आधी चिडचिड होईल, मग मेंदू हळूहळू ताळ्यावर येईल.” आणि त्यांनी व्यसनमुक्ती रजेची शिफारस लिहून दिली.

रजा विभागाच्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. “व्यसनाचा पदार्थ लिहिला नाहीत.”

“पदार्थ नाही हो, खेळ आहे.”

“रकाने दोनच आहेत. दारू, किंवा इतर पदार्थ. इतर असेल तर नमुना जोडावा.” बाईंचा आवाज मऊ झाला. “दारू घेत नाही का थोडीशी? लगेच काम झालं असतं.”

“नाही हो.”

“मग कसं व्हायचं तुमचं!”

अभिलेखपाल जन्मभर नियमाला धरून वागलेले. त्यांनी मोबाइलच जोडला. बाईंनी तो पाकिटात घातला, लाखेची मोहोर केली आणि पदार्थ-परीक्षण प्रयोगशाळेकडे रवाना केला.

पहिल्या आठवड्यात ताटावर बसलं की त्यांचा अंगठा आपोआप हलायचा. पत्नीवर, पंख्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते खेकसत. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा इतका दाटला की त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे पुसून काढले. तिसऱ्यात मुलगी समोर येऊन म्हणाली, “भाषण म्हणून दाखवू?” मध्ये ती दोनदा अडखळली. ते त्यांच्या लक्षात आलं. कितीतरी दिवसांनी आपल्या काही लक्षात आलं, याचंच त्यांना रडू फुटलं.

चार महिन्यांनी अहवाल आला. ‘नमुन्यात मादक पदार्थ आढळला नाही. परीक्षण पाच तज्ज्ञांनी आळीपाळीने, सुट्टीच्या दिवशीही केले. सखोल परीक्षणासाठी नमुना आणखी सहा महिने ठेवण्यास परवानगी मिळावी.’ परवानगी नाकारण्यात आली, कारण वरिष्ठांना तो स्वतः तपासायचा होता.

शेवटी एकदाचा मोबाइल परत आला. टप्पा नऊशे बारा.

“रजा नामंजूर,” बाई म्हणाल्या. “हा तुमचा नमुना.”

“तुमच्याकडेच राहू द्या ना.”

“तशी तरतूद नाही. सही करा.”

अंगठा शिवशिवला. खिडकीपाशी उभ्या उभ्याच त्यांनी खेळ काढून टाकला आणि घाईघाईने घर गाठलं. घाईत मोबाइलसोबत आलेलं प्रमाणपत्र तिथेच राहिलं: ‘अर्जदारास कोणतेही व्यसन नाही.’

संध्याकाळपर्यंत अख्ख्या कार्यालयाने नाव खोडून त्याच्या छायाप्रती घरी नेल्या. मागणी पाहून आता ते प्रमाणपत्र सर्वांसाठी खुलं करण्यात आलं आहे. आपल्याला त्याची गरज नाही, हे आम्ही जाणतोच. तरी घरच्यांच्या समाधानासाठी एक जवळ असावं. अर्ज फक्त मोबाइलवरून करायचा, आणि मंजूर झाला का, ते दर पाच मिनिटांनी बघायचं.