हमीदसाबांचे ईप्रमधले दोन दिवस

हमीदसाब भिंती चाटायचे. गंमत म्हणून सांगत नाही. निजामी अमलात उस्मानाबादच्या तामिरात कचेरीत, म्हणजे बांधकाम खात्यात, मी सात वर्षं त्यांचा मुनशी होतो आणि हे डोळ्यांनी पाहिलंय. पडकी वेस असो, गढी असो, दर्गा असो. जुनं बांधकाम दिसलं की साहेब खिशातून चाकू काढत, सांध्यातला चुना खरवडत, जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. मग म्हणत, "पुराना है. फसवत न्हाय."

ताजा चुना जिभेला चावतो, मुरलेला चावत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. तेरच्या एका पुजाऱ्यानं साहेबांना देवळाच्या ओवरीला जीभ लावू दिली नाही, तेव्हा त्यांनी मला चाखायला लावलं. मी चाखलं. मातीसारखं लागलं.

"चावला का, मुनशीजी?"

"नाही साहेब."

"मग खरा हाय," म्हणाले, आणि पुजाऱ्याला सलाम करून निघाले.

बाकी माणूस सडाफटिंग. पन्नाशीला आलेला, लग्न केलेलं नाही, घरी एक खानसामा आणि ढीगभर नकाशे. नव्या इमारतीत मुक्काम करावा लागला तर पलंग बाहेर काढून झोपत. कचेरीत सगळे हसायचे. मीही हसायचो.

मग एका उन्हाळ्यात तेरणेवरच्या फरशी पुलाच्या कामासाठी आम्ही तेरला गेलो. तेर साहेबांचं जन्मगाव, पण तिथं नात्याचं कुणी उरलेलं नव्हतं. दुपारी ऊन एवढं, की मजूर झाडाखाली जाऊन बसले. आम्ही मुसाफिरखान्यात होतो. साहेबांनी ट्रंकेतून पत्र्याची एक छोटी पेटी काढली, माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, मोडी वाचता येतं का. वडील कुळकर्णी, त्यामुळं येत होतं. पण पेटी उघडण्याआधी ते बोलत राहिले, आणि मी तोवर कधी ऐकलं नव्हतं तेवढं त्या दुपारी ऐकलं.

सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, ते विलायतेला शिकत होते. सोबतची पोरं सुट्टीला पॅरिस बघून यायची. साहेबांना तेवढं परवडत नव्हतं. एका खिडकीवर त्यांना स्वस्त तिकीट दिसलं: शुक्रवारी बोटीत बसायचं, शनिवार-रविवार बेल्जममधलं ईप्र नावाचं शहर बघायचं, सोमवारी वर्गात हजर. तिकीट पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या नातेवाइकांसाठी होतं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, तुमचं कोण गेलं? साहेब म्हणाले, भाऊ. साहेबांना भाऊ नव्हता.

बोटीत सगळे काळ्या कपड्यांतले. कुणी बोलेना. साहेब एकटेच हातात नकाशा घेऊन उत्साहात.

शहर चारशे वर्षांचं दिसत होतं. उंच टोकदार छपरं, कमानी, अरुंद बोळ. साहेब वर बघत हिंडले. पण हळूहळू त्यांना कसंतरी व्हायला लागलं. पायऱ्या झिजलेल्या नव्हत्या. उंबरे झिजलेले नव्हते. एका दगडावर शेवाळ नाही. विचारल्यावर कळलं, की लढाईत या शहराची कमरेएवढी भिंतसुद्धा शिल्लक राहिली नव्हती. लोकांनी जुने नकाशे शोधले आणि प्रत्येक घर जिथल्या तिथं, जसंच्या तसं परत बांधलं.

साहेब म्हणाले, "मुनशीजी, ते शहर मरून गेलतं. आनि त्याच शकलनं परत उभं होतं."

मुक्कामाला त्यांना एका म्हातारीचं घर दिलं होतं. सहलीचा माणूस सोबत पोचवायला आला. म्हातारीनं दार उघडलं, साहेबांचा काळासावळा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "आव. बैठो." साहेब जागीच थिजले. तिनं त्यांच्याकडं बोट दाखवून विचारलं, "भाई?" मागं तो सहलीचा माणूस उभा. खोटं उघडं पडेल म्हणून साहेबांनी मान हलवली.

म्हातारी त्यांना वरच्या खोलीत घेऊन गेली. खाटेकडं बोट दाखवलं. हिंदुस्थानी शिपायांची तुकडी गावात असताना एक जखमी पोरगा तिथं मेला होता. खरं तर ती खोलीही पडली होती, खाटही जळाली होती. तिनं दोन्ही पुन्हा तशाच करून घेतल्या होत्या. साहेबांनी भिंतीला हात लावला, बोटाला लागलेला चुना नकळत जिभेवर ठेवला. जीभ भाजली.

मग तिनं ही पेटी दिली आणि त्या पोराचे शब्द, अर्थ न कळता, त्याच्याच हेलात म्हणून दाखवले: "भाई आयेगा." पळापळीत, दुसऱ्यांच्या घरी आसऱ्याला राहताना, परत आल्यावर, तिनं ती पेटी सांभाळली होती. रविवारी निघताना तिनं साहेबांच्या डोक्यावरून हात फिरवला.

पेटीत एक फणी होती आणि मोडीतलं पत्र. इतकी वर्षं कुणाकडून वाचून घ्यायचा साहेबांना धीर झाला नव्हता. मी पत्र उलगडलं. वर पत्ता त्या पोराच्या भावाचा होता, मुक्काम तामलवाडी.

साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "सोलापूरच्या रस्त्याला, ती तामलवाडी? आपल्याच जिल्ह्यातली? मग त्या तिकिटाच्या खिडकीत माझ्या तोंडातून कोन बोलला, मुनशीजी?"

मी पुढं वाचलं. त्या पोरानं, ज्ञानूनं, लिहिलं होतं, की दादा, हे शहर पडतंय. मी आलो न्हाय तर आईला मेलो म्हणून सांगू नको. तिकडंच घर बांधून राहिला म्हण.

पुढच्या आठवड्यात आम्ही तामलवाडीला गेलो. ज्ञानूचा भाऊ लढाईनंतरच्या तापाच्या साथीत गेला होता. आई होती. सोनाबाई. डोळे गेलेले, पुतण्याच्या दारात घोंगडीवर बसलेली. साहेब कोट सावरून तिच्यासमोर मातीत बसले.

"माय, ज्ञानूकडून आलोय."

ती दचकली नाही. थोडं थांबून म्हणाली, "घर कसं हाय त्याचं?"

साहेबांनी सांगितलं. टोकदार छपराचं आहे. वर एक खोली आहे, खिडकीतून चौक दिसतो. एक बाई हाय, ती त्याला लई जपते. मी मान खाली घालून ऐकत होतो. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"येत का न्हाय मंग?"

"लांब हाय, माय. म्हणून मला धाडलं."

त्यानंतर दर महिन्याला साहेब तामलवाडीला दौरा काढत. त्या बाजूला आमचं एकही काम चालू नव्हतं. जाताना म्हातारीसाठी लुगडं, गूळ, गुडघ्यांना लावायचं तेल घेऊन जात. एकदा मी सोबत होतो तेव्हा ती त्यांच्यावर रागावत होती, की बारीक झालास, खात न्हाईस. साहेब निमूटपणे भाकरी खात होते. ती त्यांना ज्ञानू समजत होती की निरोप्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

पाचव्या वर्षी, थंडीत, साहेब तीन दिवस कचेरीत आले नाहीत. चौथ्या दिवशी डोकं तासलेलं घेऊन हजर झाले आणि रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. उर्दूत, त्यांच्या सुरेख अक्षरात, आई गेल्याची एकच ओळ होती: वालिदेच्या इंतकालामुळं गैरहजर होतो.

साहेबांची आई ते तान्हे असतानाच वारली होती, हे सगळ्या तेरला माहीत होतं. मी अर्ज रजिस्टरात चढवला आणि कारणाच्या रकान्यात जसंच्या तसं लिहिलं.